लॅपटॉपनं मान टाकली? स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी हे वाचा!

घरी सांगायची सोय नाही, दुकानात जायला पैसे नाहीत आणि सबमिशन तर तोंडावर आलंय. अशावेळी स्वतःचं स्वतः बरंच काही करता येतं, तेही शे-दोनशे रुपयांत. फक्त सुरुवात कुठून करायची आणि कुठं थांबायचं, एवढं कळायला हवं.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. प्रोजेक्ट रिपोर्टचा शेवटचा चॅप्टर चाललाय. परवा सबमिशन. आणि अचानक स्क्रीन काळी!

पॉवरचं बटण दाबलं. लाइट लागला, पंखा फिरला, पण स्क्रीनवर काहीच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पोटात गोळा!

मग रूममेट जमतात. प्रत्येकजण एक्सपर्ट. एक म्हणतो, 'बॅटरी काढून परत लाव.' दुसरा म्हणतो, 'मदरबोर्ड गेला रे, आता बसला चुना.' तिसरा व्हिडिओ लावतो, त्यात कुणीतरी मदरबोर्डवर हेअर ड्रायर मारत असतं. आणि तुमच्या डोक्यात एकच विचार फिरत असतो, की हे बाबांना सांगायचं कसं? लॅपटॉपचे हप्ते अजून फिटले नाहीयेत.

असं झालंय ना कधीतरी? नसेल झालं तर होईल. लॅपटॉप हे मशीन आहे, ते बिघडणारच. पण बंद पडलेला प्रत्येक लॅपटॉप 'गेलेला' नसतो. कधी धूळ असते, कधी सैल झालेली रॅम असते, तर कधी फक्त चार्जर मेलेला असतो. आणि कधी खरंच मोठा बिघाड असतो, तेव्हा आपण केलेली खटपट त्याला आणखी मोठा करते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डेटा, मग निदान आणि सगळ्यात शेवटी स्क्रू ड्रायव्हर. आपण नेमकं उलटं करतो!

आधी सांगा, जीव कशात अडकलाय?

लॅपटॉपमध्ये की लॅपटॉपमधल्या फाइल्समध्ये? शांतपणे विचार केलात तर उत्तर बहुतेक वेळा 'फाइल्स' असंच येतं. लॅपटॉप उद्या उधार मिळेल, मित्राचा मिळेल, लायब्ररीत मिळेल. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट मिळणार नाही.

म्हणून लॅपटॉप चालू होत असेल, पण विंडोज उघडत नसेल, तर लगेच 'रीसेट' किंवा 'फॉरमॅट'च्या मागे लागू नका. मित्राच्या लॅपटॉपवर एक ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावा. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ती डाउनलोड करा आणि रुफस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं त्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. मग तो आपल्या लॅपटॉपला लावून चालू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यातली तुमच्या मॉडेलची बूट मेनूची की दाबा. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होतं, इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथून आपले फोल्डर उघडा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. खर्च शून्य.

इथं एक मेख आहे. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद केलेला असतो. त्याला बिटलॉकर म्हणतात. तो उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये काही हलवलं, तरी लॅपटॉप ही की मागू शकतो. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह झालेली असते. तुमचा लॅपटॉप आज ठणठणीत असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा. ती की शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

आणि जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि तिच्यातून 'कट-कट' आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते. तिथं सरळ जाणकाराकडेच जा.

झाकण न उघडता, फुकटात

आता निदान. डॉक्टर ऑपरेशनच्या आधी नाडी बघतो, तसंच. यातलं काहीही करायला पैसे लागत नाहीत.

• चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज निघून जाते. मग फक्त चार्जर लावून चालू करा. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण 'मेलेले' कितीतरी लॅपटॉप एवढ्यावर उठतात.

• चार्जिंग होत नाहीये? आधी सॉकेट बदलून बघा. हॉस्टेलचा एक्स्टेन्शन बोर्ड हा पहिला संशयित! मग मित्राचा चार्जर लावा, पण लेबल वाचून. उदाहरणार्थ, तुमच्या चार्जरवर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय, म्हणजे तो ६५ वॅटचा आहे. दुसऱ्या चार्जरचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले तरी चालतात, कमी चालत नाहीत.

• स्क्रीन काळी, पण पंखा चालू? लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडा. तिथं चित्र दिसलं, तर तुमचा मदरबोर्ड, रॅम, डिस्क सगळं जिवंत आहे आणि बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा आहे. टीव्ही नाही? अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट गेलाय.

• चालू करताना बीप वाजतात किंवा कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो? लॅपटॉप तुम्हाला काय बिघडलंय ते सांगतोय! किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ बघा.

• कीबोर्डची दोन-चार बटणं गेलीत? विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकदम दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येईल. सबमिशनपुरता यूएसबी कीबोर्ड मित्राकडून उसना घ्या. कीबोर्ड बदलायचा की नाही, ते नंतर ठरवता येईल.

• दर वेळी तारीख-वेळ मागे जातेय? बऱ्याच लॅपटॉपमध्ये आत नाण्याएवढा एक छोटा सेल असतो, तो संपलाय. सेल पन्नासेक रुपयांच्या आत मिळतो.

एवढं केलंत, की निम्मी लढाई झाली. आता तुम्हाला 'लॅपटॉप बंद पडलाय' याच्या पुढचं काहीतरी माहितीये.

उघडायचंच असेल तर...

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर इथंच थांबा. आत हात घातल्यावर कंपनीनं हात वर केले, तर भांडण्यात महिना जाईल.

वॉरंटी संपलीये? मग बसा. पण रात्री एक वाजता, गादीवर, मोबाइलच्या उजेडात नाही. दिवसा, टेबलवर, मोकळ्या वेळात. छोट्या स्क्रू ड्रायव्हरचा सेट दोन-अडीचशे रुपयांत येतो. पट्टी म्हणून जुनं एटीएम कार्ड चालतं. धातूचा चाकू नको!

मॅन्युअल शोधा. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या त्यांच्या बहुतेक मॉडेल्सची सर्व्हिस मॅन्युअल्स वेबसाइटवर मोफत ठेवतात. कुठला स्क्रू कुठं, कुठली केबल आधी काढायची, सगळं चित्रांसकट असतं. आपण मात्र वेगळ्याच मॉडेलचा व्हिडिओ बघून सुरू होतो.

माझंच सांगते. कीबोर्डची पट्टीसारखी केबल मदरबोर्डवर ज्या खाचेत बसते, तिथं नखाएवढं एक झाकण असतं. ते उचललं की केबल अलगद सुटते. मला ते माहीत नव्हतं. मी केबल ओढली. झाकण तुटलं. निघाले होते पंख्याची धूळ साफ करायला आणि दुकानात गेले मदरबोर्डची खाच बदलायला. मॅन्युअलच्या एका पानावर ते झाकण बाणासकट दाखवलं होतं. दोन मिनिटं वाचायचा कंटाळा मला दीड हजाराला पडला.

तेव्हापासूनचे माझे नियम हे असे:

• झाकण निघाल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची केबल सोडवणं. ती जोडलेली असताना आत कशालाही हात लावायचा नाही.

• प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो.

• कागदावर लॅपटॉपचा आकार काढा. जो स्क्रू जिथून निघाला, तो कागदावर तिथंच सेलोटेपनं चिकटवा. सगळे स्क्रू सारखे दिसले, तरी लांबी वेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला, तर तो मदरबोर्डमध्ये घुसतो.

• झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो.

• सिंथेटिक स्वेटर घालून बसू नका. काम सुरू करण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

कमी पैशांत होणारी कामं

रॅम काढून लावणं : पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी, या दुखण्यावरचा हा पहिला उपाय. दोन्ही बाजूंच्या क्लिप बाहेर सरकवल्या की रॅमची पट्टी तिरकी वर येते. तिचे सोनेरी दात मऊ पांढऱ्या खोडरबरनं हलकेच पुसा, कण झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. खर्च शून्य. फक्त पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डवरच डकवलेली असते, तिथं हे जमत नाही.

पंख्याची धूळ : लॅपटॉप तापतो, पंखा विमानासारखा ओरडतो आणि अचानक बंद होतो? गादीवर, गोधडीवर ठेवून वर्षभर सिनेमे बघितले की असंच होतं. हवा आत जायच्या जाळीवर धुळीचा अक्षरशः नमदा बसतो. मऊ ब्रशनं तो काढा. फुंकताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल, तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. शंभर-दोनशे रुपयांची ट्यूब असते. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, एवढीच घ्यायची. जास्त म्हणजे जास्त थंड, असं नसतं.

एसएसडी : लॅपटॉप चालू व्हायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो? आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा खर्च. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागोजागी जाऊन माहिती वाचते. एसएसडीत हलणारं काहीच नसतं, म्हणून ती पळते. तुमच्या मॉडेलला साटा लागते की एनव्हीएमई, ते आधी बघा, मग विकत घ्या. नवी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून स्वतः टाका. मूळ लॅपटॉप अस्सल विंडोजसकट आला असेल, तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलली तरी ते सहसा टिकतं.

बिजागरी : स्क्रीन उघडताना 'कड्' आवाज आला आणि कोपरा फुटला? फेविक्विक ओतू नका. तो कडक होतो आणि पुढच्या झटक्याला पुन्हा सुटतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी जास्त टिकतो. पण आधी घट्ट झालेल्या बिजागरीचा नट किंचित सैल करा, नाहीतर प्लास्टिक पुन्हा फुटणारच. आणि स्क्रीनची केबल त्याच बिजागरीजवळून जाते, तिच्यावर थेंबही पडू देऊ नका.

इथं मात्र हात जोडा

फुगलेली बॅटरी : टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाहीये, लॅपटॉप टेबलवर डुगडुगतोय? बॅटरी फुगलीये. हे जुगाड करायचं काम नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका. लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. बदलायला तंत्रज्ञाकडे द्या आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. बारा-पंधराशे वाचवायच्या नादात हॉस्टेलची खोली पेटवायची नाहीये.

सांडलेला चहा : ताबडतोब चार्जर ओढा, बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, उघडा ठेवूनच तंबूसारखा पालथा घाला. आता सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे 'चालू होतोय का बघू तरी' हा मोह आवरणं. पाण्यानं जितकं नुकसान होतं, त्याहून जास्त ओल्या बोर्डमध्ये वीज गेल्यानं होतं. तांदळात पुरून ठेवण्याचाही उपयोग नाही, उलट पीठ आणि कण आत जातात. ॲपलनं २०२४मध्ये आयफोनबाबत हेच सांगितलं, की ओला फोन तांदळात ठेवू नका. चहा-कोल्ड्रिंक साखरेचं असतं, ते वाळल्यावरही आत चिकटून बोर्ड खात राहतं. म्हणून लॅपटॉप वाळला तरी आतून साफ करून घ्याच.

मदरबोर्ड : हेअर ड्रायर, हीट गन, तव्यावर भाजणे हे व्हिडिओ बघायला मस्त आहेत. त्यातून उठलेला लॅपटॉप सहसा काही दिवसांचा सोबती असतो आणि नंतर खरा तंत्रज्ञही हात टेकतो.

दुकानात जाताना

एवढं सगळं करूनही दुकानात जावं लागलं, तर कमीपणा वाटून घेऊ नका. तुमची मेहनत वाया गेलेली नाही. 'दादा, बंद पडलाय, बघा ना' असं म्हणणारं गिऱ्हाईक आणि 'बाहेरच्या स्क्रीनवर चित्र येतंय, रॅम बदलून बघितली, मला वाटतं डिस्प्लेची केबल आहे' असं म्हणणारं गिऱ्हाईक, यांच्या बिलात फरक पडतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. प्रत्येक शहरात अशी एक गल्ली असते. दोन-तीन दुकानांत विचारा. तपासणीचे पैसे किती, पार्ट नवा की जुना, वॉरंटी किती दिवसांची, हे आधी ठरवा आणि बिलावर लिहून घ्या. काढलेला जुना पार्ट परत मागा. शक्य असेल तर डिस्क काढून मगच लॅपटॉप द्या, त्यात तुमचे फोटो आणि पासवर्ड असतात. आणि एकूण खर्च तसल्याच चांगल्या सेकंडहँड लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर दुरुस्तीचा विचार पुन्हा करा.

आणखी एक. दुरुस्ती हा आता हक्काचाही विषय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची मॅन्युअल्स, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती तिथं एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. वॉरंटी असूनही कुणी टोलवाटोलवी करत असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन लावा.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठात शिकणाऱ्या काइल वीन्सचा लॅपटॉप बिघडला. दुरुस्तीचं मॅन्युअल कुठंच मिळेना. त्यानं मित्राला, ल्यूक सोल्सला हाताशी धरून लॅपटॉप उघडला, धडपडत दुरुस्त केला. पुढे दोघांनी २००३ साली 'आयफिक्सइट' सुरू केलं. आज जगभरचे लोक त्यांची मोफत गाइड्स उघडून आपापले फोन-लॅपटॉप दुरुस्त करतात. सुरुवात झाली ती तुमच्यासारख्याच एका वैतागलेल्या विद्यार्थ्यापासून.

तुम्हाला कंपनी काढायची गरज नाही. पण पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली, तर घाबरून घरी फोन लावण्याआधी एक तास स्वतःला द्या. डेटा बघा, चार्जर बघा, टॉर्च मारा, मॅन्युअल वाचा. मग फोन लावाल तेव्हा 'बाबा, लॅपटॉप गेला' असं म्हणावं लागणार नाही. 'बाबा, केबल गेलीये, एवढ्या-एवढ्यात होईल, मी तीन ठिकाणी विचारलंय' असं म्हणता येईल. बाबांनाही ते ऐकायला बरं वाटेल.

आणि हो, त्या ४८ अंकी कीचं विसरू नका. आत्ता उठा, लिहून ठेवा!